एकच किनारा, दोन बोटी

“तोच किनारा, तीच बंदरं, तेच बारा दिवस! अहो वहिनी, एकदा पाहिलेला सिनेमासुद्धा मी पुन्हा पाहात नाही. आणि तुम्ही एवढे पैसे खर्चून पाहिलेलाच समुद्र पुन्हा बघायला निघालात?”

२०२४ च्या मार्चमध्ये मी नॉर्वेच्या बोटीचे तिकीट दुसऱ्यांदा काढले, तेव्हा आमच्या वन्संनी हा प्रश्न विचारला. प्रश्न रास्तच होता. मी म्हटले, “समुद्र तोच, पण बोट निराळी. एका कंपनीची बोट पाहिली, आता दुसरीची पाहून येते. दोन साड्या नेसल्यावाचून कोणती चांगली ते कळतं का?” वन्सं हसल्या आणि गप्प बसल्या. साडीचा दाखला आमच्या घरात सहसा फुकट जात नाही.

खरे कारण मात्र मी त्यांना सांगितले नव्हते. ते एका वहीत होते आणि ती वही माझ्या पर्समध्ये होती. पण ते मागाहून. आधी बोटींविषयी सांगते. कारण घरोघर हल्ली परदेशच्या सफरीचे बेत चाललेले असतात, आणि कोणाला तरी त्याचा उपयोग होईल.

टपालाची वाट

नॉर्वेचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. फाटक्या झालरीसारखा त्याचा किनारा. जागोजाग समुद्र डोंगरांत शिरलेला, आणि बाहेर हजारो बेटे नि खडक. उत्तरेकडच्या गावांना पूर्वी ना रेल्वे होती ना धड रस्ता. ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टला टाकलेले पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोचे, आणि हिवाळ्यात त्याला पाच पाच महिनेही लागत. सरकारने बारमाही बोट सुरू करायचे ठरवले. पण बड्या कंपन्यांनी अंग काढून घेतले. हिवाळ्यात तिकडे आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही. अशा अंधारात, खडकांच्या गर्दीतून रात्रीची बोट हाकायची कोणी?

स्टोकमार्कनेस गावच्या रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने हा विडा उचलला. तो आणि त्याचा वाटाड्या यांनी कित्येक वर्षे टिपणे ठेवली होती : अमुक खडकापासून अमुक दिशेला, इतक्या वेगाने, इतकी मिनिटे. होकायंत्र, घड्याळ आणि ही टिपणवही एवढ्या सामग्रीवर त्याने जबाबदारी पत्करली. २ जुलै १८९३ रोजी त्याची ‘व्हेस्टरॉलेन’ ही बोट ट्रॉन्डहाइमहून निघाली आणि ५ जुलैला हामरफेस्टला लागली. महिन्यांचा हिशेब दिवसांवर आला. या मार्गाला नाव पडले ‘हुर्टिग्रूटन’, म्हणजे जलद मार्ग.

आज ही बोट दक्षिणेतल्या बर्गनहून निघते, रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जाते आणि परत येते. चौतीस बंदरे, बारा दिवस, सुमारे अडीच हजार सागरी मैल. सव्वाशे वर्षे हे नाव आणि हा मार्ग एकच होता. २०२१ पासून मात्र सरकारने कंत्राट वाटून दिले : सात बोटी हुर्टिग्रूटनच्या आणि चार ‘हावीला’ या नव्या कंपनीच्या. बंदरे तीच, वेळापत्रक तेच. आज हिची बोट, उद्या तिची. एकच नाटक दोन संचांनी आलटून पालटून करावे, तसे!

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. क्रूझ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोहण्याचे तलाव, जुगाराचे अड्डे आणि रात्रीचे नाचगाणे उभे राहते. यातले इथे काही नाही. या बोटी किनाऱ्यावरच्या लोकांचा माल वाहतात. गावकरी एका बंदरात चढून पुढच्या बंदरात उतरतात. आपण पाहुणे, ती मंडळी घरची. हे ज्याला रुचणार नाही त्याने दुसरीकडचे तिकीट काढावे.

पहिली बोट

आमची मुलगी बर्गनला नोकरीला असते. २०१८ च्या मार्चमध्ये आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, तेव्हा तिने आम्हां दोघांना या बोटीवर बसवून दिले. बोटीचे नाव त्या जुन्या कप्तानाचेच : ‘रिचर्ड विथ’. १९९३ साली जर्मनीत बांधलेली. पितळी कठडे, लाकडी भिंती, पायाखाली जाड गालिचे. एखाद्या जुन्या, सुखवस्तू माणसाच्या घरात आल्यासारखे वाटावे.

आमचे हे मूळचे हर्णैचे. लहानपणी मुंबईहून गावाला जायचे ते बोटीने. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर समुद्रात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. खालीवर होणाऱ्या पडावात खलाशी पोरांना वरच्या वर झेलून घेत. ह्यांची आई डोळे मिटून रामनाम घेई आणि हे मात्र पुन्हा वर चढून पुन्हा उडी मारायला तयार! कोकणची ती प्रवासी बोट पुढे बंद झाली, तिच्यावर वाढलेली पिढीही आता पांगली. पण आमच्या घरात ती बोट चाळीस वर्षे बंद पडली नव्हती. पाऊस लागला की बोट, बांगडा तळला की बोट, आगगाडी उशिरा आली तरी बोट!

बर्गनला बोटीवर पाऊल टाकल्याबरोबर ह्यांनी खिशातून एक वही काढली. आत चौतीस बंदरांची नावे आधीच लिहून ठेवलेली, आणि प्रत्येकापुढे एक चौकोन.

“हे काय?” मी विचारले.

“धक्क्यावर पाय लावल्याशिवाय बंदर पाहिलं असं म्हणायचं नाही. लागला पाय, की केली खूण.”

“अहो, पहाटे तीनला नि चारला बंदरं येतात!”

“मग काय झालं? बोट जागी असते ना?”

आणि हा मनुष्य खरोखरच रात्री-अपरात्री उठून, अंगावर तीन कोट चढवून खाली जाऊ लागला. आम्ही केबिन घेतली होती सगळ्यांत स्वस्त, म्हणजे खालच्या मजल्यावर आणि पुढच्या बाजूला. बंदर आले की तिथे घरघर ऐकू येई, मग साखळ्यांचा खणखणाट, मग माल चढवणाऱ्या गाड्यांची धडधड. ही काही बोटीची चूक नव्हे. आम्ही पैसे वाचवले होते आणि त्याची किंमत कानांनी देत होतो. पण चौथ्या रात्री मी वैतागून म्हटले, “पुन्हा आलो तर शांत बोटीनं येऊ. हा काय प्रवास? गिरणीत झोपल्यासारखं वाटतं.”

हे अंधारातून म्हणाले, “मला तर झोपच यामुळे लागते. बोट चालू आहे असं कळतं.”

दुसरी बोट

सहा वर्षांनी मी ज्या बोटीवर चढले ती अशी शांत बोट होती. ‘हावीला कॅस्टर’ तुर्कस्तानात बांधलेली, २०२२ साली पाण्यावर आलेली. हावीलाच्या बोटी द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात आणि प्रत्येकीच्या पोटात शहाऐंशी टन वजनाच्या बॅटऱ्या आहेत. नुसत्या बॅटरीवर ती चार तासांपर्यंत चालू शकते, असे कंपनी सांगते. बंदरात शिरताना तिचा आवाज नाही की धूर नाही. आपण चहा पीत बसलेले असावे आणि खिडकीतून पाहावे तर गाव शेजारी येऊन उभे! हेही सांगायला हवे, की हुर्टिग्रूटनही काही स्वस्थ बसलेली नाही. आमच्या जुन्या ‘रिचर्ड विथ’ला २०२२ मध्ये नवी इंजिने आणि बॅटऱ्या बसवल्या.

आता बायकी नजरेने तुलना करते. ‘कॅस्टर’ची खोली नवी, फिकट रंगांची आणि मोकळी. या खेपेला मुलीने मला वरच्या मजल्यावर मोठ्या खिडकीची खोली घेऊन दिली होती, तेव्हा थोडे श्रेय तिच्या पैशालाही द्यायला हवे. ‘रिचर्ड विथ’वरची खोली आगगाडीच्या डब्यासारखी, दिवसा एका पलंगाचा सोफा व्हायचा. पण बसण्याउठण्याच्या जागा म्हणाल, तर जुन्या बोटीचे कोपरे मला अधिक आवडले. तिथे कोणीही लोकर घेऊन विणायला बसावे, आणि तासाभरात शेजारणीशी ओळख व्हावी. नव्या बोटीवर काचा मोठ्या, देखावा मोठा. माणसे मात्र बाहेर पाहात बसतात.

जेवणाची तऱ्हा दोघींची निराळी. २०१८ मध्ये आमच्या बोटीवर सकाळ-दुपार बुफे असे : हेरिंग माशाचे नाना प्रकार, पाव, चीज, आणि गुळासारखे दिसणारे तपकिरी गोडसर चीज, ज्याची ह्यांना चटकच लागली. रात्री ठरलेल्या टेबलावर ठरलेले जेवण. त्यामुळे बारा दिवस त्याच चार चेहऱ्यांबरोबर जेवायचे. आमच्या टेबलावर एक जर्मन जोडपे होते, त्यांच्याकडून अजून नाताळाचे पत्र येते. हावीलावर बुफे नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून सगळे मागवून घ्यायचे. लहान लहान बशा येतात, आवडले तर आणखी मागा. ही पद्धत मला फार पटली. लग्नाच्या पंगतीनंतर आपल्याकडे पत्रावळींवर काय उरते ते आठवले आणि लाज वाटली. चव दोन्हींकडे उत्तम. शाकाहारी मंडळींनी मात्र तिकीट काढतानाच तसे कळवून ठेवावे.

सेवकवर्गाबद्दल तक्रार नाही. दोघींपैकी एका बोटीवर माझी बॅग भलत्याच केबिनीत गेली आणि मी एक रात्र नेसत्या साडीवर काढली. कोणत्या, ते सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने इतक्या वेळा माफी मागितली की मलाच अवघडल्यासारखे झाले.

काही गोष्टी दोन्ही बोटींवर अगदी सारख्या. उत्तर ध्रुववृत्त ओलांडले की डेकवर समुद्रदेवाची स्वारी येते आणि हौशी प्रवाशांच्या मानेत पळीभर बर्फ ओतते. पहिल्या खेपेला हे रांगेत पहिले, आणि मी दूर उभी राहून “अहो, सर्दी होईल!” म्हणून ओरडत होते. परतीच्या वाटेवर चमचाभर कॉडलिव्हर तेल. ते मी दोन्ही वेळा घेतले. आमच्या लहानपणी आईने नाक दाबून जे पाजले, ते या लोकांनी समारंभाने पाजावे, हीही एक मौजच!

रात्री आकाशात हिरवा प्रकाश दिसू लागला की दोन्ही बोटींवर कर्ण्यातून हाक येते. त्या उत्तरप्रकाशाचे वर्णन मी करणार नाही. फार जणांनी केले आहे, आणि मला थंडीने धड वर बघवतही नव्हते.

मार्चमध्ये लोफोटेन बेटांत कॉड माशाचा हंगाम. लाकडी मांडवांवर हजारो मासे वाळत घातलेले असतात. थेट आपल्या वलांडीवरचे बोंबील! स्वोल्वॅरच्या धक्क्यावर तो वास येताच हे थांबले आणि छाती भरून श्वास घेऊन म्हणाले, “आलं बघ गाव!” या वेळी मी तिथे एकटीच थांबले. वास तोच होता.

आणि स्टोकमार्कनेस. तिथे १९५६ सालची ‘फिनमार्केन’ ही जुनी बोट जमिनीवर आणून ठेवली आहे. २०१८ मध्ये ती उघड्यावर, पावसात-बर्फात उभी होती, जागोजाग गंजलेली. हे तिच्या पोटाखालून हात फिरवत हिंडले होते. २०२१ साली तिच्याभोवती काचेचे भले मोठे घर बांधून तिथे संग्रहालय केले. ज्या बोटीने गावांना पत्रे आणली, तिला गावाने छप्पर दिले. आपण आपल्या बोटींचे काय केले, हा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

एक रिकामा चौकोन

आता त्या वहीविषयी.

पहिल्या प्रवासात ह्यांनी चौतीसपैकी तेहतीस चौकोनांत खुणा केल्या. एक राहिला : बर्लेवोग. बॅरेन्ट्स समुद्राच्या तोंडावर वसलेले हे लहानसे गाव. तिथला समुद्र असा दांडगा की बांधलेले बांध वादळांत पुन्हा पुन्हा फुटले. शेवटी आपल्या मरीन ड्राइव्हवर आहेत तसले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे रचून बांध पक्का केला. तोवर, म्हणजे १९७० च्या दशकापर्यंत, मोठी बोट इथे धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर उभी राही आणि लहान होडीतून माणसांची चढउतार होई. हे वाचल्यापासून ह्यांना बर्लेवोगचे वेड लागले होते. “म्हणजे हर्णैच की!”

जाताना वादळ होते. कप्तानाने बर्लेवोग वगळले आणि बोट सरळ पुढे नेली. येताना समुद्र शांत झाला होता, पण त्याच दुपारी वार्डोच्या वाऱ्यात भटकून ह्यांना खोकला झाला होता. अंग कोमट लागत होते. रात्री दहाच्या सुमारास बोट बर्लेवोगला लागली. हे कोट घालू लागले. मी दारापाशी उभी राहिले.

“आज नाही,” मी म्हटले. “बाहेर उणे दहा आहे. एक चौकोन राहिला तर काही बिघडत नाही.”

“अगं, पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

“नाही म्हटलं ना!”

ते वाद घालीत नसत. कोट काढला, वरच्या मजल्यावर काचेशी जाऊन बसले आणि धक्का दिसेनासा होईपर्यंत पाहात राहिले. खाली आल्यावर वही मिटताना म्हणाले, “पुढच्या खेपेला.”

२०२१ च्या एप्रिलमध्ये ते गेले. कपाट आवरताना वही सापडली. मी माझ्या परीने बरोबरच वागले होते. आजारी नवऱ्याला थंडीत कोण जाऊ देईल? हे मी मनाला पुष्कळदा सांगितले. मनाने ते ऐकून घेतले, पण चौकोन रिकामाच राहिला.

‘कॅस्टर’वरची सहावी रात्र. सुदैवाने वारा पडलेला होता. मी नऊपासूनच मोजे चढवून तयार. शिडी लागली, कार्ड दाखवले आणि उतरले. धक्क्यावर बर्फ, दोन दिवे, मालाची गाडी, आणि आजीला घ्यायला आलेला एक तरुण. ती आजी माझ्याच वयाची असेल. पुढच्या-मागच्या कुठल्याशा गावाहून बोटीने आली होती, जशी आपल्याकडे एखादी बाई एसटीने लेकाकडे यावी. हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारा लोकरीचा गुंडा. माझ्याकडे पाहून ती काहीतरी बोलली. मला कळले नाही. मी हसले, तीही हसली.

पाय लागला होता. वहीत खूण करायला पेन काढले, तर थंडीने शाई उतरेना! तोंडाच्या वाफेने ते ऊब देऊन कशीबशी रेघ ओढली. पंधरा मिनिटे अशी भर्रकन गेली.

बोट सुटली आणि मी डेकवरच थांबले. बांधाबाहेर पडतो न पडतो तोच समोरून दुसरी बोट येताना दिसली. या दिशेची आणि त्या दिशेची बोट इथे रोज रात्री एकमेकींना भेटतात. ती जवळ आली, आणि दिव्यांच्या उजेडात मी नाव वाचले : ‘रिचर्ड विथ’. तिच्या वरच्या मजल्यावर, काचेशी, कोणीतरी बसलेले होते. मी हात हलवला. तिथून एक हात हलला. कोण असेल ते असो.

त्या रात्री वरच्या मजल्यावरच्या माझ्या शांत खोलीत मला झोप लागेना. मागितली होती तशीच शांतता होती. शेवटी उठले, पांघरूण घेतले आणि खालच्या मजल्यावर, जिथे पुढचे बंदर आले की मालाची धडधड ऐकू येते, तिथल्या बाकावर जाऊन बसले. बोट चालू आहे असे कळले. डोळा लागला तो पहाटेपर्यंत.

मग कोणती घ्यावी?

परत आल्यावर वन्संनी विचारलेच, “मग? कोणती साडी टिकाऊ?”

तेच तुम्हांलाही सांगते. झोप सावध असेल, खाण्यापिण्यात नवलाई हवी असेल, धूर नि आवाज नको असेल, तर हावीलाची बोट घ्या. जुन्या घराची ऊब, लाकूड-पितळ आणि गप्पांचे कोपरे हवे असतील, तर हुर्टिग्रूटनची घ्या. कुठलीही घेतली तरी स्वस्त केबिन पुढच्या बाजूची घेऊ नका, आणि जाणे-येणे दोन्ही करा. कारण जाताना रात्री निसटलेली बहुतेक बंदरे येताना दिवसा भेटतात. जाडे मोजे घ्या, आणि शाईचे पेन नेऊ नका, पेन्सिल न्या.

पण खरे सांगू? या दोघींमध्ये फरक आहे तो खिडकीचा नि बशीचा. ज्या कामासाठी त्या आहेत ते काम दोघी सारखेच करतात : शंभर घरांच्या गावाला, रात्री अकरा वाजता, एका आजीसाठी थांबतात.

आणि जाताना ज्याला खाली उतरायचे असेल त्याला उतरू द्या. कोट मात्र घालायला लावा.